टाकीचं पथ्य

टाकीमावशींनी बावीस वर्षांत सलग चार दिवसांची रजा एकदाच घेतली, आणि तेवढ्यात टाकीचं पोट बिघडलं.

रजा मौजेची नव्हती. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, वाफेत जायचं नाही, घरी गप्प बसायचं. मावशी बसल्या, गप्प मात्र नाही. पाचव्या दिवशी काळा चष्मा चढवून त्या वसतिगृहाच्या मागच्या फाटकातून आत शिरल्या, आणि स्वयंपाकघराचा कोपरा वळायच्या आधीच नाकाने त्यांना बातमी दिली. टाकीचा रोजचा वास त्यांच्या अंगवळणी पडलेला होता, गोठ्यासारखा, जरासा ओल्या मातीसारखा. आजचा वास आंबट होता. तान्ह्या पोराने दूध ओकावं तसा.

"मेलं काहीतरी घातलंय हिला," मावशी म्हणाल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं, पण टाकीशी आणि टाकीबद्दल त्या नेहमी मोठ्यानेच बोलत.

टाकी म्हणजे जमिनीत बांधलेली, विहिरीएवढी गोल खोली. वर उलट्या पातेल्यासारखा लोखंडी टोप. चारशे मुलींच्या त्या वसतिगृहातलं उष्टं, सालं, करपलेलं, नासलेलं, सगळं मावशी चेचून पाण्यात कालवत आणि टाकीच्या तोंडातून आत सोडत. आतले जंतू ते खात आणि त्याचा गॅस होई. गॅस साठला की टोप वर उचलला जाई, वापरला की खाली बसे. त्या गॅसवर स्वयंपाकघरातल्या तीन मोठ्या शेगड्या चालत. टोप किती वर आहे ते लांबून बघून मावशी सांगत, आज भात शिजेल, की नुसतं दूध तापेल, की चहावरच समाधान मानायचं.

त्या दिवशी टोप बसकण मारलेल्या म्हशीसारखा तळाला टेकला होता. मावशींनी बाजूच्या नळीतून वाटीभर पाणी काढलं आणि त्यात रंगपट्टी बुडवली. पट्टी हिरवी झाली तर सगळं ठीक, पिवळी झाली तर आत आंबट झालंय. पट्टी हळदीसारखी पिवळी झाली. मावशींनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. पिवळी ती पिवळीच.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या मुख्य स्वयंपाकीणबाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या नणंद. चौदा वर्षांपूर्वी नणंदेचा नवरा गेला, तेव्हा मावशींनीच शब्द टाकून त्यांना इथे लावून दिलं होतं. त्या उपकाराचा पश्चात्ताप त्यांना आठवड्यातून दोनदा तरी होई.

"वन्सं, टाकीत काय घातलंत?"

"आलीस? डोळा कसा आहे ते तरी सांग आधी." वन्संचा हात बटाटे सोलता सोलता थांबला नाही.

"डोळा आहे जागेवर. टाकीत काय घातलंत?"

"काय घालणार, वहिनी! मंगळवारी मुलींचा निरोपसमारंभ झाला. ढीगभर उरलं. केक उरला, पाव उरले, सरबताची दोन पिंपं उरली. म्हटलं, ही बिचारी रोज सालपटं खाते, हिलाही एक दिवस गोडधोड मिळू दे."

"दोन पिंपं? साखरेच्या सरबताची?"

"वर थोडा पाकही होता."

मावशींनी कपाळाला हात लावला आणि लगेच काढला, कारण डोळ्याजवळ हात नेऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धड कपाळाला हात लावायचीही सोय राहिली नव्हती.

टाकी बांधली एका चष्मेवाल्या इंजिनियरांनी. तेव्हा मावशी तिथे भांडी घासत. टाकी सांभाळायला माणूस हवा होता, पण उष्ट्यात हात घालायला एकही पुरुष तयार होईना. "मी घालते, मला काय, मी रोजच घालते," असं म्हणून मावशी पुढे झाल्या. शिक्षण सातवी. इंजिनियरांनी त्यांना समोर बसवून पाटीवर एक शब्द लिहून दिला: विनॉक्सी.

"विना म्हणजे वाचून. ऑक्सी म्हणजे ऑक्सिजन, प्राणवायू. टाकीतले जीव विनॉक्सी आहेत. प्राणवायूवाचून जगतात."

"हवेवाचून जगतं ते भूत," मावशी म्हणाल्या.

"भूत नाही हो, पूर्वज. पृथ्वीवर आधी मोकळा प्राणवायू नव्हताच, तेव्हा असेच जीव होते. मग प्राणवायू वाढला आणि त्यांना लपावं लागलं. चिखलाच्या तळाशी, गाईच्या पोटात, तुमच्या-माझ्या आतड्यात."

"म्हणजे मूळ मालक ते. आपण भाडेकरू."

इंजिनियर इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. मग ते महिनाभर रोज तासभर शिकवत राहिले. हा शब्द कुठे कुठे वापरतात तेही सांगितलं. जीव विनॉक्सी असतो, तशी जागाही विनॉक्सी असते, आणि श्वसनही. जिना धावत चढलं की पायाच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, मग ते तेवढ्यापुरतं त्याच्यावाचून निभावून नेतात, तेही विनॉक्सीच. काही जंतूंना हवा असली तरी चालते आणि नसली तरी चालते. हे मावशींना लगेच समजलं. "आमच्या वन्संसारखे," त्या म्हणाल्या. "माहेरी राज्य, सासरीही राज्य." पण गॅस करणारे जंतू मात्र तसे नव्हेत. त्यांना हवा म्हणजे विष.

आणि मुख्य गोष्ट अशी की टाकीत दोन तऱ्हेचे जंतू असतात. पहिले अन्न फोडून त्याचं आम्ल करतात. ते चपळ आणि हावरे. दुसरे त्या आम्लातून गॅस करतात. ते मंद आणि नाजूक. गोडधोड घातलं की पहिले अंगात आल्यासारखे सुटतात, आम्लाचा पूर येतो, आणि दुसरे त्यात गलितगात्र होऊन पडतात. गॅस बंद. याला औषध म्हणजे लंघन. वरून खाणं बंद करायचं, थोडं चुन्याचं पाणी द्यायचं, शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण कालवून विरजणासारखं घालायचं, आणि वाट बघायची. पंधरा दिवस, महिना, लागेल तितकं.

"टाकी बिघडली की माणसाला काहीतरी करून बघावंसं वाटतं," इंजिनियर म्हणाले होते. "तेवढा मोह आवरा, मावशी. निम्म्या टाक्या आजाराने मरत नाहीत, उपायांनी मरतात."

मावशींनी स्वतःचा मोह आवरला. बाकीच्यांचा कोण आवरणार?

पहिले आले नवे साहेब. व्यवस्थापक म्हणून त्यांना येऊन आठ महिने झाले होते. माणूस वाईट नव्हता. वेळेवर येई, कोणाला अरेतुरे करत नसे. पण त्याला स्वस्थ बसवत नसे. आल्या आल्या त्याने सगळ्या दारांवर आकडे घातले होते, मग ते बदलले होते.

"मावशी, गॅस येत नाही म्हणजे खुराक कमी पडतोय. दुप्पट घाला."

"साहेब, तिला अजीर्ण झालंय. अजीर्णाला दुप्पट जेवण?"

"भावनेने बोलू नका. हे विज्ञान आहे."

"म्हणूनच म्हणते."

साहेबांनी वहीत लेखी आदेश दिला. मावशींनी त्याखाली वाचल्याची सही केली, आणि टाकीच्या तोंडाला कुलूप लावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या एवढं शिकल्या होत्या की सही करायला काही लागत नाही.

त्याच आठवड्यात सुरक्षा तपासनीस आला. तो दरवर्षी येई. टोपाच्या फटीतून दोरीला बांधलेलं यंत्र आत सोडी, आकडा टिपून घेई आणि जाई. या वर्षीही त्याने लिहिलं: प्राणवायू शून्य टक्के, टाकी विनॉक्सी, आत माणसाने उतरू नये. बरोबरच लिहिलं. आत कोणी उतरला असता तर मेलाच असता. पण यंदा तो कागद साहेबांच्या हाती पडला. दोन दिवसांनी साहेबांनी समितीकडे पाठवायचं पत्र मावशींना वाचून दाखवलं, कारण तसं वाचून दाखवणं त्यांना न्याय्य वाटलं.

"'सदर टाकी विनॉक्सी झाल्याचे तपासणीत आढळले आहे. आत प्राणवायू शून्य टक्के असल्याने कोणतीही जीवसृष्टी तग धरणे अशक्य. सबब टाकी वाळूने भरून घ्यावी व स्वयंपाकासाठी कायमस्वरूपी सिलिंडर घ्यावेत.' महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बैठक आहे."

मावशींना क्षणभर वाटलं, डोळ्याबरोबर कानाचीही शस्त्रक्रिया झाली की काय.

"साहेब, ती विनॉक्सी झाली नाही. ती विनॉक्सीच आहे. बांधली त्या दिवसापासून."

साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे बावीस वर्षं हा बिघाड तुम्हाला माहीत होता? आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"बिघाड नव्हे हो! शून्य आहे म्हणून तर गॅस होतो. शून्याच्या वर काही निघालं असतं तर मी घाबरले असते."

"मावशी, तुमचं टाकीवर प्रेम आहे, समजतं मला. तुम्हाला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. चादरींच्या खोलीत जागा आहे."

चादरींची खोली तळघरात होती. तिथे घड्या घालायच्या आणि कपाटं लावायची. मावशींनी ती खोली डोळ्यांसमोर आणली. चादरी आजारी पडत नाहीत, रुसत नाहीत, रात्रीतून फुगून वर येत नाहीत. घडी घातली की तिथेच पडून राहतात. टाकीतल्या जिवांना चेहरा नव्हता, नाव नव्हतं; पण रोज सकाळी टोप बघितला की ते बरे आहेत की नाहीत हे कळायचं, आणि जगात एवढं एकच ठिकाण होतं जिथे मावशींना विचारल्याशिवाय पान हलत नसे. आता शनिवारपर्यंत, म्हणजे अठरा दिवसांत, टाकी बरी होताना दिसली पाहिजे होती.

"साहेब, ती जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

इथे त्या चुकल्या. कारण साहेब विचारात पडले, आणि विचारात पडलेले साहेब जास्त धोक्याचे. त्यांच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे होते. पेटीत एक नळी बुडबुडे सोडत असे. साहेबांनी माशांकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जिवंत आहेत म्हणता? मग त्यांना हवा देऊन बघू! हवा सोडायचं मोठं यंत्र मिळतं. गुदमरले असतील बिचारे."

"साहेब, ते मासे नाहीत."

"जीव तो जीव, मावशी."

"हवेने मरतात ते!"

"हवेने कधी कोणी मरतं का?"

"त्यातला एक मासा काढून टेबलावर ठेवा. भरपूर हवा आहे इथे. बघा काय होतं."

साहेबांनी माशांच्या पेटीवरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाले, "तो मुद्दा वेगळा आहे."

दुसऱ्या दिवशी नळवाला हवेचं यंत्र आणि पन्नास फूट नळी घेऊन हजर झाला. मावशींनी त्याला अडवलं नाही. पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि विचारलं, "घरी सांगून आलायस ना?"

"काय सांगून?"

"म्हणजे असं की, टाकीत उरलासुरला गॅस आहे. त्यात तू हवा भरणार. गॅस आणि हवा मिसळली की काय होतं ते तुला माहीतच असेल. आणि टाकीची गॅसची नळी जाते ती स्वयंपाकघरात, तिथे माझी नणंद शेगडी पेटवून बसली आहे. माझी काही हरकत नाही. मी फाटकाबाहेर उभी राहते."

नळवाल्याने अर्धं पाणी तसंच ठेवलं, नळी गुंडाळली, आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने गेला. साहेबांना त्याने निरोप पाठवला की यंत्राला लागणारी एक कडी बाजारात मिळत नाही.

संध्याकाळी घरी मावशींनी सगळा संताप नवऱ्यावर काढला. तो शिंपी होता. आता काम सोडलं होतं, पण खांद्यावर टेप अजून असायची.

"तू त्यांना समजेल असं सांगत नाहीस," तो म्हणाला. "मला सांग बघू."

मावशींनी सांगितलं. हवेवाचून जगतात, अंधारात राहतात, ढवळलेलं खपत नाही, उघडलं की मरतात, सावकाश काम करतात.

"म्हणजे माझ्यासारखे."

"गॅस होतो तेवढं साम्य आहे खरं," मावशी म्हणाल्या आणि ताट आपटून उठल्या.

लंघनाला आठ दिवस झाले, दहा झाले. पट्टी पिवळीच. मावशींनी गोठ्यातून शेण आणून कालवून घातलं. पट्टी एक दिवस जराशी फिकी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळीजर्द. हे त्यांच्या हिशेबात बसेना. उपाशी माणूस वजनाने वाढत असेल तर तो कुठेतरी खातो आहे, एवढं समजायला इंजिनियर लागत नाही. अकराव्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्या घरी जाते म्हणून निघाल्या आणि धुणं वाळत घालायच्या जागी चादरींच्या मागे उभ्या राहिल्या. चादरी कधी उपयोगी पडल्या असतील तर त्या दिवशी.

थोड्या वेळाने वन्सं आल्या. हातात झाकण घातलेली बादली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कनवटीची किल्ली काढली. टाकीच्या कुलपाची दुसरी किल्ली स्वयंपाकघरात असते हे मावशी साफ विसरल्या होत्या.

"वन्सं!"

वन्संच्या हातून झाकण पडलं आणि घरंगळत मावशींच्या पायाशी आलं.

"केवढ्यांदा ओरडलीस! जीव गेला असता माझा."

"काय आहे बादलीत?"

"काही नाही. मऊ भात आहे. दूध घालून केलाय. आजारी माणसाला चालतो."

"किती दिवस चाललंय हे?"

"रोज नाही काही. एखादा दिवस चुकला असेल."

मग मावशींच्या तोंडाला जे आलं ते त्या बोलल्या. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं ते कमी म्हणून आता बादल्या ओततंय कोणी, इतकी वर्षं सांगते त्याचा एक शब्द डोक्यात शिरत नाही, साहेब परका म्हणून त्याला सोडून देता येतं, पण घरचा माणूसच खड्डा खणत असेल तर कोणाच्या नावाने बोंब मारायची, शनिवारी टाकीत वाळू पडेल तेव्हा तुम्हीच येऊन फूल वाहा. बोलताना त्यांचा डोळा झोंबायला लागला, पण पुसता येत नव्हता.

वन्संनी एरवी एकाला चार उत्तरं दिली असती. त्या दिवशी त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि बादली मांडीवर घेतली.

"उपाशी ठेवलेलं मला बघवत नाही गं," त्या म्हणाल्या. "यांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, तोंडातून काही द्यायचं नाही. मी ऐकलं. सहा दिवस चमचाभर पेज मागत होते. मी दिली नाही. शहाण्यासारखी वागले. आणि गेलेच ना ते? उपाशी गेले."

मावशींना ते सहा दिवस माहीत होते. इस्पितळाच्या बाकावर त्या शेजारीच बसलेल्या होत्या. पण वन्सं हे कधी बोलल्या नव्हत्या. टाकी बरी व्हायला कोणी काही न करणं हाच उपाय होता, आणि या बाईला काही न करणं जन्मात जमणार नव्हतं. कुलूप बदललं असतं तर हिने पाइप फोडून भात घातला असता.

"वन्सं," त्या शेवटी म्हणाल्या, "तिला उपाशी नाही ठेवलेलं. पथ्य आहे. आणि औषध द्यायचंय, ते माझ्याच्याने होत नाही. मला वाकायला बंदी आहे."

"कसलं औषध?"

"चुन्याचं पाणी. एक बादली सकाळी, एक संध्याकाळी. एकदम नाही ओतायचं, धार धरून. आधी पट्टी बघायची, मग औषध. आणि औषधावर काही खायला द्यायचं नाही, नाहीतर औषध लागू पडत नाही."

वन्संनी डोळे पुसले. "किती वाजता?"

"सातला आणि पाचला."

"एवढंच ना? मग हे आधी का नाही सांगितलंस? नुसतं घालू नका, घालू नका. माणसाने काय घालायचं ते सांगावं."

चुन्याचं पाणी मावशी स्वतःच देणार होत्या, हे त्या बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून वन्सं घड्याळ लावून औषध देऊ लागल्या. रंगपट्टी तारखेवार एका वहीत चिकटवू लागल्या. एक विद्यार्थिनी सवयीने अर्धा पाव टाकीच्या तोंडाशी ठेवायला आली, तेव्हा वन्संनी झारा उगारून तिला पिटाळलं. "विनॉक्सी आहेत ते! पथ्यावर आहेत! अक्कल नाही का?"

पट्टी लिंबाच्या रंगावर आली. मग पोपटी दिसायला लागली. शुक्रवारी टोप चार बोटं उचलला गेला. मावशींनी चार वेळा मोजून पाहिला.

शनिवारी समिती बसली. अध्यक्षीणबाई आणि आठ सभासद. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या. आत चहा घेऊन जायचं काम वन्संचं होतं, आणि वन्संनी हट्टाने चहा टाकीच्या गॅसवर ठेवला होता. मावशींनी परोपरीने सांगितलं की अजून जोर नाही, चिडवू नका तिला. व्हायचं तेच झालं. ज्योत दहा मिनिटं टिकली आणि पाण्याला आधण येतंय न येतंय तोच फुस्स झाली. उरलेला चहा सिलिंडरवर झाला, अर्धा तास उशिरा.

दार उघडं होतं, म्हणून बाहेर सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी पत्र वाचलं. एका सभासदाने विचारलं, "विनॉक्सी म्हणजे नक्की काय?"

"प्राणवायू संपलेली," साहेब म्हणाले. "थोडक्यात, मृत."

"मृत कशाने?" हा आवाज वन्संचा होता. कपबशांचा खणखणाट थांबला. "सकाळी सातला औषध घेतलंय तिनं."

"कोणी?"

"टाकीनं. आणि विनॉक्सी म्हणजे प्राणवायूवाचून जगणारे. जगणारे! मेलेल्याला कोणी जगणारा म्हणतं का? तुम्ही शिकलेली माणसं."

मावशींना आत बोलावणं आलं. अध्यक्षीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, एका शब्दात सांगा. जिवंत की मेलेली?"

"आजारी," मावशी म्हणाल्या.

"हा चहा तिच्यावर केला का?"

खोटं बोलायचं मावशींच्या मनात आलं. वन्सं डोळे मोठे करून तेच सुचवत होत्या. "निम्मा," त्या म्हणाल्या. "निम्मा सिलिंडरवर."

"किती दिवसांत बरी होईल?"

"कोणी हात लावला नाही तर तीन आठवड्यांत."

मग चर्चा झाली. एक सभासद म्हणाला, निम्मा चहा म्हणजे निम्मं यश. दुसरा म्हणाला, निम्मं अपयश. तिसरा म्हणाला, तज्ज्ञ बोलवा. चौथ्याने विचारलं, तज्ज्ञ शोधायचा कोणी? त्यासाठी उपसमिती नेमावी असं ठरलं. उपसमितीत कोण, यावर वीस मिनिटं गेली. मावशी उभ्याच होत्या. या समितीचा त्यांना जुना अनुभव होता. मागच्या अंगणातल्या गळक्या नळाचा विषय चार वर्षं उपसमितीकडे होता.

शेवटी अध्यक्षीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "उपसमितीचा अहवाल येईपर्यंत जैसे थे. तोवर टाकीत कोणी काही घालू नये, काही काढू नये, काही बसवू नये. साहेब, लिहून घ्या. पुढचा विषय."

साहेबांनी लिहून घेतलं.

मावशी बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. घसा कोरडा करून तीन आठवडे त्या हेच सांगत होत्या, शब्दनशब्द हेच, तर ते एका बाईचं टाकीवरचं प्रेम होतं. आता तेच ठराव म्हणून झालं होतं, आणि सोमवारी साहेब शिक्का मारून तो टाकीपाशी लावतील, आणि कोणी पानसुद्धा आत टाकू नये म्हणून स्वतः पहारा करतील.

साहेबांनी खरोखर तसंच केलं. उपसमिती काही जमली नाही. एक सभासद परगावी गेला होता, दुसऱ्याला पत्र मिळालं नव्हतं. अशी कोणीही काहीही न करता तीन आठवडे गेले, आणि टोप मावशींच्या खांद्याला लागला. तिन्ही शेगड्या निळ्या ज्योतीने पेटल्या. वार्षिक अहवालात साहेबांनी लिहिलं की समितीने वेळीच केलेल्या उपाययोजनेमुळे टाकी पूर्ववत झाली. टाकीला वाळू लागली नाही आणि मावशींना चादरी.

पहिलं जेवण द्यायच्या दिवशी वन्सं काठोकाठ भरलेली बादली घेऊन आल्या. बटाट्याची सालं, वर भात, आणि भाताच्या आड काहीतरी गोडसर वासाचं.

"अर्धी," मावशी म्हणाल्या.

"अगं, दीड महिना पोटात अन्न नाही तिच्या!"

"अर्धी म्हटलं ना? आणि ते खालचं काय आहे?"

"काही नाही. केकचा तुकडा. एवढासा."

"काढा तो."

"एका तुकड्याने काय होतंय?"

"वन्सं, काढा."

वन्संनी पुटपुटत तुकडा काढला. मावशींनी मोजून अर्धी बादली आत सोडली, कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या आपल्या कनवटीला खोचल्या, आणि उरलेली अर्धी बादली स्वतः उचलून स्वयंपाकघरापर्यंत नेली. ती वन्संच्या हाती द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.